सुटा भाग सुटलाच पाहिजे

यंत्राच्या बदलता येणाऱ्या तुकड्याला मराठीत ‘सुटा भाग’ म्हणतात. तो सुटतो, हे वचन त्या नावातच आहे. आयर्लंडमध्ये घरच्या अंगणात दहा-बारा वर्षांची मोटार दुरुस्त करायला बसणाऱ्याला मात्र हे वचन मोडलेले दिसते. नवा भाग दुकानात मिळतो, पाने-हत्यारे हाताशी असतात. पण जुना भाग जागचा हलत नाही. अटलांटिकवरून येणारी दमट, खारी हवा आणि हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठ लोखंडाला गंजवतात. गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतो, म्हणून तो फटीत पाचरीसारखा घट्ट बसतो. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असेल आणि तिथे खारे पाणी पोचले, तर दोन धातूंची बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजून बोल्टाचे आटे धरून बसते.

या देशात २००८ पासून मोटारींवरचा कर कार्बन उत्सर्जनावर ठरू लागला आणि नव्या गाड्यांत डिझेलचा वाटा झपाट्याने वाढला. डिझेल इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या झाकणात, थंड इंजिन सुरू करताना तापणारा ग्लो प्लग पेन्सिलीएवढा बारीक असतो. काजळी आणि गंजाने तो जाम झाला आणि जोर लावताना मोडला, तर कधी कधी अख्खे हेड उतरवावे लागते. त्यात २००० साली सुरू झालेली, गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का हे पाहणारी एनसीटी तपासणी दहा वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी द्यावी लागते. म्हणजे भाग जाम होऊ लागण्याच्या वयातच दुरुस्तीची निकड वाढते आणि क्षुल्लक बोल्टापायी चालती गाडी भंगारात जाऊ शकते.

गाडी सहज सुटी व्हावी, असे युरोपीय कायदा सांगतो. पण ती मेल्यावर. भंगार गाड्यांविषयीचा २००० सालचा निर्देश, सुटे करणे सोपे जाईल अशा रचनेला प्रोत्साहन द्या, असे सांगतो. दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही मिळावी, असाही नियम आहे. मात्र २०२४ च्या दुरुस्ती-हक्काच्या निर्देशात वॉशिंग मशीन, फोन आहेत; मोटार नाही. भंगारवाल्यासाठी सुटणारी गाडी मालकासाठी का सुटू नये?

घरी दुरुस्ती करणे धोक्याचे, ते गॅरेजवर सोडावे, असा आक्षेप घेतला जाईल. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते, हे खरेच. पण जाम झालेला बोल्ट मेकॅनिकलाही तसाच छळतो आणि त्या तासांचे बिल मालकच भरतो. रचना बदलल्याने गाडी महागेल, हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर अनेक गाड्यांच्या ब्रेक ड्रमवर आधीच आहे: आटे पाडलेली दोन भोके. त्यांत बोल्ट पिळत गेले की ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो. दोन भोकांनी गाडी महाग होत नाही. विजेच्या गाड्या आल्या की प्रश्न मिटेल, असेही म्हणतील. इंजिन जाईल, पण ब्रेक, सस्पेन्शन आणि चाकांचे बोल्ट राहतील. मोटरच गाडीचा वेग कमी करत असल्याने त्या गाड्यांचे ब्रेक कमी वापरले जातात आणि म्हणून उलट जास्त गंजतात.

भाग सोडवणे हे ज्ञानाचे काम आहे. गंजात मुरणारे तेल रात्रभर राहू द्यावे. पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावणाऱ्या ॲल्युमिनियमला बेताची ऊब द्यावी. बोल्ट थोडा मागे, थोडा पुढे फिरवावा. हेड उतरवताना एखादा बोल्ट राहून गेला नाही ना, हे पाहावे आणि हेड-ब्लॉकच्या फटीत छिन्नी कधीच घालू नये. एका ओरखड्याने गॅस्केट गळू लागते. हे ज्ञान प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत छापता येईल, आणि दहा वर्षांनी मुख्य भाग सुटतात का, याची चाचणी गाडीला मान्यता देतानाच घेता येईल. भारतात केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा मोटारींचा विचारही तिच्याकडे सोपवला. कोकण किनाऱ्यावरची हवाही खारीच आहे. त्या हक्कात भाग मिळण्याबरोबर भाग सुटणेही लिहिले गेले पाहिजे. तोवर तो हक्क अर्धाच राहील.