चक्का आणि लसूण

चक्का म्हटलं की आपल्याला पुढे साखरच दिसते. चक्क्याच्या बरोबरीनं साखर, वर वेलची-केशर, झालं श्रीखंड! आमच्या ह्यांना मधुमेह निघाल्यापासून ते घरात बंद आहे. पण मंडळी, श्रीखंडाबरोबर चक्क्यालाही का घालवायचं? लेबनॉनमध्ये हाच चक्का मीठ घालून 'लबने' म्हणून खातात. ग्रीसमध्ये काकडी-लसूण घालून त्याचं 'त्झात्झिकी' होतं. आपल्याकडची मुलं त्यालाच 'डिप' म्हणतात, एवढंच.

नातवंडांना गाजराच्या कांड्यांबरोबर मेयॉनेज हवं असतं. त्यात मुख्य असतं ते तेलच हो! त्यापेक्षा अर्धा लिटर म्हशीच्या दुधाचं दही पातळ फडक्यात बांधून चार-पाच तास टांगा. (उन्हाळ्यात चाळणीवर, फ्रीजमध्ये, नाहीतर आंबतं.) मग हात दुखेपर्यंत फेटा. मऊपणा त्या फेटण्यातच आहे. फॅट-फ्री दही आणायचं आणि दाटपणासाठी वर क्रीम ओतायचं, हा हिशेब मला कधी कळलेला नाही! असो. ठेचलेला लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, कोथिंबीर, किसून घट्ट पिळलेली काकडी घाला. मीठ अगदी वाढताना, नाहीतर पाणी सुटतं. रक्तदाब असेल तर मीठ कमी, लिंबू जास्त.

गळलेलं पाणी मोरीत ओतू नका, त्यात कणीक भिजवा.

ह्यांनी परवा भाकरीबरोबर दोनदा मागून घेतलं. 'डिप' मात्र म्हणत नाहीत. 'चक्क्याची चटणी' म्हणतात.