भरतीला का?

आमच्या सांगली-मिरजेच्या बाजूला पहाटे धावणारा माणूस दिसला की त्याला एकच प्रश्न विचारतात, "भरतीला का?" दूधवाला विचारतो, पहिल्या एस.टी.ची वाट पाहणारे विचारतात, रात्रभर पाण्याची पाळी धरून परतणारा शेतकरी विचारतो. प्रश्नात कुत्सितपणा नसतो, उलट मायाच असते. पोलीस शिपायाच्या भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण या एका धावेचे. कितीतरी घरांतले कर्ज, बहिणीचे लग्न आणि गळके छप्पर या २० गुणांकडे डोळे लावून बसलेले असते. तेव्हा धावणे ही एक प्रकारची मजुरीच आहे, असे इथे सर्वांनी धरून चालावे यात नवल नाही.

परंतु त्यामुळे भरतीशिवाय कुणी धावेल ही कल्पनाच आपल्या मनातून गेली आहे. निवड झाली की धावणे सुटते, वय उलटले की तर सुटतेच. शिवाय परीक्षा मोजलेल्या मैदानावर, म्हणून सरावही किलोमीटरचे दगड असलेल्या डांबरी रस्त्यावर. उसाच्या हंगामात या रस्त्यांची काय अवस्था असते ते मी सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, पुढे कानठळ्या बसवणारी गाणी, आणि त्याच्या चाकापासून दोन हातांवर अंधारात धावणारी आपली पोरे. आणि तिथून हाकेच्या अंतरावर कृष्णाकाठच्या मऊ मातीच्या वाटा रिकाम्या पडलेल्या. या वाटांवर आपण सर्वांनी, आणि विशेषतः मुलींनी, काहीही कारण नसताना धावावे, असे माझे मत आहे. हे मत काही शिक्षक-मैत्रिणींना चमत्कारिक वाटले, म्हणून ते सविस्तर मांडते.

आधी सौंदर्याविषयी. निसर्ग म्हटले की आपल्याला डोंगर लागतो. सहल निघाली की पन्हाळा नाहीतर महाबळेश्वर. आपल्या सपाट मुलखात पाहण्यासारखे काय आहे, असे इथलाच माणूस विचारतो. तो खोटे बोलत नाही, कारण तो हा मुलूख एस.टी.च्या खिडकीतून पाहतो, आणि खिडकीतून फक्त ऊस दिसतो. डोंगर लांबूनच स्वतःला दाखवतो. सपाट प्रदेश तसा नाही. तो पायाच्या वेगानेच उलगडतो. चालताना फार सावकाश, मोटारसायकलवर फार झरझर. धावताना मात्र उसाचा फड संपून हळदीचे रान कधी लागले, ओली माती कुठे सुरू झाली, नदी किती जवळ आली, हे आधी नाकाला कळते आणि मग डोळ्यांना.

सांगलीहून हरिपूरला जाणारा रस्ता घ्या. जेमतेम चार किलोमीटरांचा. मी आठवडाभर वसतिगृहात राहते, त्यामुळे हा रस्ता माझ्या पायांना पाठ आहे. बागेतला गणपती मागे टाकला की चिंचेची जुनी झाडे सुरू होतात. सकाळी त्यांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडतात, आणि एका सावलीतून दुसऱ्या सावलीत धावताना अंगाला ऊन-थंडी-ऊन-थंडी असे लागत जाते. डाव्या-उजव्या बाजूला वस्ती वाढली आहे, काही झाडेही गेली आहेत, तरी रस्त्याचे रूप अजून शाबूत आहे. याच हरिपूरच्या मातीत हळदीची पेवे आहेत. जमिनीत खोल खणलेली ही कोठारे. तोंड माणूस उतरेल एवढे लहान, आत पोट मोठे. इथली माती पाणी झिरपू देत नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षे टिकते असे जुनी माणसे सांगतात. पेव उघडल्यावर आत उतरण्याआधी कंदील सोडून पाहतात. विझला तर आतली हवा वाईट. २००५ च्या महापुरात यातली पुष्कळ पेवे निकामी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ती ज्या जमिनीत निजत असे ती जमीन आपण पायाखाली घेतली आहे, हे या रस्त्याने जाणाऱ्या कितीजणांना ठाऊक असते?

रस्ता संपतो तो संगमेश्वराच्या देवळापाशी. तिथे वारणा कृष्णेला मिळते. संगम पाहताना काही फार नाट्यमय घडत नाही. एक रुंद पाणी दुसऱ्या रुंद पाण्यात मुकाट्याने शिरते. मला तेच आवडते. नाटकावरून आठवले, मराठी रंगभूमीवर 'संगीत शारदा' आणणारे गोविंद बल्लाळ देवल हे या हरिपूरचे. कोवळ्या मुलीचे म्हाताऱ्याशी लग्न लावण्याच्या चालीवर १८९९ मध्ये त्यांनी हे नाटक लिहिले. आमच्या मराठीच्या सरांनी हे वर्गात सांगितले होते. परंतु घामाघूम होऊन त्या घाटाच्या पायऱ्यांवर बसल्याशिवाय ते माझ्या नीट ध्यानात आले नाही.

दुसरी वाट आयर्विन पुलावरून. १९२९ साली खुला झालेला हा पूल ओलांडला की सांगलीवाडी, आणि तिथून नदीकाठच्या मळीत उतरता येते. मळीची जमीन म्हणजे पुराने दिलेली जमीन. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव सर्वांना माहीत आहे, ती या गाळाची. या गाळावर धावताना पाय बुडतही नाही आणि आपटतही नाही. पावसाळ्यात मात्र इकडे फिरकू नये. काळ्या रानातला चिखल बुटाला असा चिकटतो की प्रत्येक पावलाला शेरभर माती उचलावी लागते. आणि हिवाळ्यात पाण्याच्या अगदी कडेला जाऊ नये, कारण मगरी उन्हाला येऊन पडलेल्या असतात. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. मगर आपल्या वाटेने असते, आपण आपल्या वाटेने असावे.

परत येताना पुलावरून खाली पाहिले की पाणीपातळीच्या खुणा आठवतात. इथे ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तेव्हा मी शाळेत होते. आमच्या गावची निम्मी वस्ती माळावरच्या शाळेत येऊन राहिली होती. त्या नदीला मी पुष्कळ वर्षे नुसती भीत होते. तिच्या काठाने रोज धावू लागल्यावर भीती गेली असे म्हणणार नाही, पण ती ओळखीची झाली.

आता तिसरी वाट, आमच्या गावची पाणंद. ती नदीला समांतर दीड-दोन किलोमीटर जाते, दोन्ही बाजूंना बाभळी आणि घाणेरी. जाते म्हणजे जात होती. एका बाजूने बांध दरवर्षी वीतभर पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूने काटे टाकले जातात. बैलगाडी सहज जाई तिथे आता सायकल हातात धरून न्यावी लागते, आणि एके ठिकाणी तर वाट नांगरूनच टाकली आहे. कुणी नांगरली ते गावात सर्वांना माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही. गावनकाशावर अशा वाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात: पायवाटेला एक रेष, गाडीवाटेला दोन. त्या कुणा एकाच्या मालकीच्या नसतात. अडवल्या तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने तहसीलदाराकडे दाद मागता येते. पाणंद रस्त्यांसाठी सरकारी योजनाही आहे. परंतु वाट राहते ती कागदाने राहत नाही, पायाने राहते. ज्या वाटेवरून रोज सकाळी वीस मुले-मुली धावतात तिच्यावर नांगर घालायला माणूस दहादा विचार करील.

इथे काही मुले म्हणतील, मुलींचा विषय मधेच कुठून आला? तो मधे नाही, मुळातच आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझी आई पहाटेपासून रात्रीपर्यंत पळतच असते. गोठा, चूल, भांगलण, पुन्हा चूल. तिच्या पळण्याला कुणी थांबवत नाही, कारण त्याला काम आहे. माझ्या पळण्याला काम नाही, म्हणून ते खुपते. बाई रस्त्यावर दिसली की ती कुठेतरी निघालेली असली पाहिजे: पाण्याला, बाजाराला, देवळाला, माहेराला. कुठेच न निघालेली बाई रस्त्यावर शोभत नाही. म्हणूनच मुलींना भरतीचे निमित्त फार सोयीचे पडते. मी ते निमित्त घेतलेले नाही. मला शिक्षिका व्हायचे आहे आणि तिथे ८०० मीटर धावावे लागत नाही. वडिलांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले, आणि मग म्हणाले, "मग पळून मिळतं काय?" मी म्हटले, "काही नाही." त्यांनी त्यावर होय म्हटले नाही आणि नको असेही म्हटले नाही. आमच्या घरात यालाच परवानगी म्हणतात.

बायकांना धावणे झेपत नाही, हा समज आपल्याच गावंढळपणातून आला आहे असे मात्र कुणी समजू नये. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या आणि त्यानंतर ती शर्यत थेट १९६० पर्यंत बंद ठेवली गेली. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ उजाडले. साहेबाच्या देशांतली ही तऱ्हा! आणि आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या, दुष्काळी माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, दहाव्या आल्या. त्यांचे नाव घेताना मला अभिमान वाटतो, पण थोडी धास्तीही वाटते. कारण लगेच कुणीतरी म्हणते, "मग तूही जा की ऑलिंपिकला." म्हणजे पुन्हा निमित्त आलेच. मला कुठेही जायचे नाही. मला हरिपूरपर्यंत जायचे आहे आणि परत यायचे आहे.

एकटीने जाण्यात धोका आहे, हे प्राध्यापिकांचे म्हणणे मला मान्य आहे. त्यावर उपाय घरी बसणे हा नसून दुकटीने, चौकटीने जाणे हा आहे. पहिले दोन महिने आम्ही दोघी होतो. आता सात आहोत. एकीच्या पायात चप्पल असते, ती ती हातात घेऊन धावते आणि सर्वांत पुढे असते.

तेव्हा जिमखान्याला एक सूचना करते. दरवर्षी आपली धावण्याची शर्यत मैदानाभोवती फेऱ्या मारून होते. मुले पंधरा, मुली तीन, टाळ्या वाजवणारे शिपाईमामा. पुढच्या वर्षी ती हरिपूर रस्त्यावर घ्यावी, संगमापर्यंत आणि परत. नंबर काढू नयेत. शिक्षकांनीही यावे, ज्यांना धावणे जमत नाही त्यांनी चालावे, चिंचा पडलेल्या असतात त्या वेचाव्यात. तोपर्यंत ज्यांना यायचे असेल त्यांच्यासाठी: आम्ही मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकापासून सकाळी सहाला निघतो. डिसेंबर-जानेवारीत सहाला अंधार असतो, म्हणून त्या दोन महिन्यांत साडेसहा.