गळ्याचीही मजुरी असते



घरातली मुलगी गोड गळ्याने गाऊ लागली की आईबापांच्या मनात दोन गोष्टी एकदमच येतात. कौतुक आणि भीती. पोरगी गाते छान, पण या मार्गाला लागली तर हिचे पुढे काय होईल? रत्नागिरीच्या वाड्यांतून आणि मुंबईच्या चाळींतून गाणाऱ्या आपल्या मुली थोड्या नाहीत. म्हणून या वेळी आम्ही शांता आपटे यांची हकीकत सांगणार आहोत. आजच्या मुलींना हे नाव ठाऊक नसेल. आजीला विचारा, तिने तिच्या आईकडून ऐकले असेल.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ लागला आणि आपल्या देशातला सिनेमा बोलू लागला. पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. त्या काळात पार्श्वगायन नव्हते. पडद्यावर जिचा चेहरा, तिचाच गळा. कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करताच नटीने गायचे. पेटी-तबलेवाले चित्रात दिसणार नाहीत अशा बेताने आडोशाला बसायचे. सूर चुकला किंवा कोणी खोकले, की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे एकाच बाईने दोघींचे काम करायचे.

शांताबाई सोलापूरकडच्या दुधनीच्या. गाण्याचे शिक्षण पंढरपुरात झाले. १९३२ च्या ‘श्यामसुंदर’मध्ये त्या राधा झाल्या, तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. हा बोलपट मुंबईत पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. मग पुण्याच्या प्रभात कंपनीत ‘अमृतमंथन’ (१९३४) आणि ‘अमरज्योती’ (१९३६) या चित्रपटांनी त्यांचे नाव देशभर नेले.

पण त्यांची खरी ओळख झाली ती १९३७ च्या ‘कुंकू’ने. हिंदीत तोच ‘दुनिया न माने’. नीरा नावाच्या तरुण मुलीचे फसवून एका म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावले जाते. नीरा रडत बसत नाही. हे लग्न मला मान्य नाही, असे ती घरात राहूनच ठणकावून सांगते आणि नवऱ्याला नवरा मानत नाही. या सिनेमात त्यांनी लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविताही गायिली. म्हाताऱ्या काकासाहेबांचे काम केले होते केशवराव दाते यांनी. ते आपल्याच जिल्ह्यातल्या आडिवऱ्याचे.

पडद्यावरची नीरा टाळ्या घेऊन गेली. परंतु पडद्याबाहेर काय? १९३९ साली पगार आणि करार यांवरून शांताबाईंचा कंपनीशी वाद झाला आणि ही नामवंत नटी त्याच प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसली. लोकांना नवल वाटले. जिच्या नावावर तिकिटे खपतात, तिला कसले आले उपोषण? पण शांताबाईंना एक गोष्ट कळली होती. नाव कितीही मोठे असो, करारावर सही केली की आपण कंपनीचे नोकर. आणि नोकराला हक्क मागावा लागतो, तो कोणी आणून देत नाही.

तो काळच तसा होता. आदल्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या कायद्याविरुद्ध मुंबईच्या कामगारांनी एक दिवसाचा संप केला होता. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष त्यात पुढे होता. गिरण्यांत राबणाऱ्यांत कोकणातली माणसे भरपूर होती. साच्यावर उभा राहणारा कामगार आणि कॅमेऱ्यासमोर गाणारी नटी यांच्या कमाईत जमीन-अस्मानाचा फरक. पण मालकापुढचा प्रश्न एकच होता: आमच्या कामाचे दाम कोण ठरवणार?

१९४० मध्ये शांताबाईंनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. सिनेमात येऊ पाहणाऱ्यांना हा धंदा आतून कसा चालतो, त्यात माणसाचे किती कष्ट जातात, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवाने सांगितले. लखलखाट पाहून धावू नका, डोळे उघडे ठेवून या, असा त्याचा रोख.

प्रभात सुटली म्हणून त्या घरी बसल्या नाहीत. तमिळ शिकून त्यांनी १९४१ चा ‘सावित्री’ केला. त्यात नारद झाल्या होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. १९४२ मध्ये लाहोरच्या ‘जमीनदार’मध्ये काम केले. १९४६ च्या ‘सुभद्रा’त त्यांच्याबरोबर कोवळ्या वयाच्या लता मंगेशकर होत्या. तोवर पार्श्वगायन रुळत चालले होते. चेहरा एकीचा, गळा दुसरीचा, असे दिवस आले आणि गाणाऱ्या नटीचा जमाना सरला. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी शांताबाई गेल्या. पन्नाशीही त्यांनी पाहिली नाही.

माय-बहिणींनो, यातून आपण काय घ्यायचे? मुलगी गाते म्हणून तिचे तोंड दाबू नका. तिला नीट गुरू द्या, आणि शाळा सोडू देऊ नका. गायन पार्टीत जात असेल तर सुपारी किती ठरली, तिच्या वाट्याला किती येणार, रात्री परत कोण आणून सोडणार, हे आधी विचारा. गाणे ध्वनिमुद्रित होणार असेल तर कागद वाचल्याशिवाय सही नको. न समजल्यास शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्या. विचारायला लाज कसली? गवंडी मजुरी ठरवूनच भिंतीला हात लावतो, मग गाणारीने का ठरवू नये?

‘पोरीला नाव मिळेल’ असे सांगून फुकट गाऊन घेणारे पुष्कळ भेटतील. नावाने चूल पेटत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक?