चांदा गेला कुठे?

दोस्तांनो, ‘चांद्यापासून बांद्यापर्यंत’ हे शब्द तुम्ही भाषणात कितीदा तरी ऐकले असतील. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खा महाराष्ट्र! आता जरा नकाशा उघडा. बांदा सापडेल सिंधुदुर्गात, गोव्याच्या सीमेजवळ. पण पूर्वेकडचं चांदा शहर? ते काही दिसणार नाही. तिथे लिहिलंय ‘चंद्रपूर’!

हे शहर गोंड राजांचं. त्याची एक आख्यायिका सांगतात. खांडक्या बल्लाळशहाची राजधानी तेव्हा बल्लारपूरला होती. अंगभर खांडकं, म्हणून नाव पडलं खांडक्या! एकदा शिकारीला गेला असता तहानलेल्या राजाला झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या खळग्यात पाणी सापडलं. तो पाणी प्यायला, हातपाय धुतले आणि काय आश्चर्य, खांडकं बरी झाली. पुढे त्याच परिसरात त्याला एक ससा चक्क कुत्र्याच्या मागे धावताना दिसला! सशाच्या कपाळावर म्हणे चंद्रासारखा पांढरा ठिपका होता. राणी म्हणाली, “ही जागा शूरांची. इथेच नगर वसवा.”

गोष्ट खरी की रचलेली, ते सोडा. तट मात्र खराखुरा आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या चार दरवाजांनी तो आजही ओळखला जातो.

इंग्रजांच्या राज्यात कागदोपत्री ‘चांदा’ हेच नाव चाललं. १९६४ च्या सुमारास ते पुन्हा ‘चंद्रपूर’ झालं. तरी जुनं नाव गेलं का? छे! तिथल्या एका रेल्वे स्टेशनचं नाव आहे ‘चांदा फोर्ट’. बल्लारपूरच्या स्टेशनावर तर गावाऐवजी राजाची आठवण आहे – बल्हारशाह!

आता खरी गंमत. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा जंगलपट्टा वेगळा काढून गडचिरोली जिल्हा झाला. म्हणजे महाराष्ट्राचं पूर्व टोक आता चांद्यात नाही, गडचिरोलीत आहे. भामरागड, सिरोंचा, एटापल्ली हे तालुके चांद्याच्याही पुढे. तिथल्या शाळेतल्या मुलाने ‘चांद्यापासून’ ऐकलं आणि विचारलं, “मग आम्ही कुठे?” तर काय सांगाल?

यमक जुळतं म्हणून म्हण बदलायला नको. पण ती म्हणताना बोट नकाशावर चांद्याला थांबवू नका. आणखी पूर्वेला न्या, पार इंद्रावतीच्या काठापर्यंत. तिथेही आपलीच माणसं राहतात.

आणि हो, तुमच्या गावाचं जुनं नाव काय होतं? आज घरी आजीला विचाराच!