नीरेच्या दोन काठांवरचा चाँद

शाबानची २९ तारीख मावळली की शिरवळपासून सांगलीपर्यंत प्रत्येक मोहल्ल्यात एकच प्रश्न असतो : चाँद झाला का? दिसला तर त्याच रात्री तराबी आणि पहाटे सहरी. नाही दिसला तर शाबानचे ३० दिवस पूर्ण. नियम इतका सोपा आहे. मग गोंधळ का होतो? मुंबईची कमिटी काय म्हणते, पुण्याहून काय खबर आली, साताऱ्याने मानले का, या चौकशीत इशाची नमाज होऊन जाते. नीरेच्या पलीकडे पुणे जिल्हा, अलीकडे सातारा. चंद्राला जिल्ह्याची हद्द ठाऊक नाही; आपल्या कमिट्यांना मात्र आहे.

‘आम्ही डोळ्यांनी पाहूनच रोजा धरतो’ हा दावाच आधी तपासू या. शिरवळच्या पश्चिमेला सह्याद्री आहे आणि पहिला चाँद क्षितिजालगत थोडाच वेळ असतो. २०११ ते २०१६ या काळात रमजान जून ते ऑगस्टच्या दरम्यान सुरू झाला. आभाळ भरलेले असताना आपण कोणाच्या डोळ्यांवर रोजे धरले? दूरच्या साक्षीदाराच्या, आणि ती साक्ष आली फोनवरून. तार आणि टेलिफोनवरची खबर मानावी की नाही, यावरही उलेमांत एकेकाळी वाद झाले होते. आज त्याची कोणाला आठवणही नाही.

असरची वेळ ठरवायला आज कोणी सावली मोजत नाही. सहरी कधी संपते, इफ्तार कधी, हे छापील तक्त्यात मिनिटासह पाहतो. सूर्याचे गणित चालते, मग चंद्राचेच का चालत नाही?

हदीसमध्ये पाहण्याचा हुकूम आहे, हे उत्तर ठरलेले. हुकूम आहेच. पण इजिप्तचे हदीसचे विद्वान अहमद मुहम्मद शाकिर यांनी १९३९ मध्येच मांडले की, लिहिणे आणि हिशेब न येणाऱ्या समाजासाठी तो मार्ग होता. कारण सरले की हिशेबाकडे वळावे. सूरह यूनुसच्या पाचव्या आयतीत चंद्राच्या मंजिलांचा संबंध वर्षांच्या गणतीशी जोडला आहे. तुर्कस्तानात तारखा गणितानेच आधी जाहीर होतात. उत्तर अमेरिकेच्या फिकह कौन्सिलने २००६ मध्ये गणित स्वीकारले. आपल्या शेजारच्या दाऊदी बोहरांचा रमजान त्यांच्या ठरलेल्या दिनदर्शिकेप्रमाणे नेहमी ३० दिवसांचा असतो. त्यांचे रोजे कमी प्रतीचे, असे म्हणायची आपली हिंमत आहे का?

या गोंधळाची झळ ऐलान करणाऱ्यांना बसत नाही. ती बसते कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या कंत्राटी कामगाराला. ईदची रजा त्याने आधी मागायची, आणि ईद कधी ते आदल्या रात्री कळणार! झळ बसते घरातल्या बाईला. रात्री उशिरा खबर आली की सहरीची तयारी तिनेच करायची, पण निर्णयाच्या बैठकीत तिला जागा नाही. ज्यांच्या हाती माइक आहे त्यांचा मान राहतो. बाकीच्यांनी सब्र करायचा.

चाँद पाहू नका, असे कोणी म्हणत नाही. मुलांनी गच्चीवर जावे, थोरांनी दुवा मागावी. तारीख मात्र गणिताने ठरावी. तेवढी तयारी नसेल, तर निदान ज्या संध्याकाळी चंद्र सूर्याआधीच मावळणार असे गणित सांगते, त्या संध्याकाळची शहादत घेऊ नये. पुण्यात आयुकासारखी खगोलशास्त्राची संस्था १९८८ पासून आहे. विचारायला फार लांब जावे लागत नाही. शिरवळ, खंडाळा, भोर, वाई येथील जमातींनी एकत्र बसावे, बायकांना आणि शिकलेल्या मुलांना सोबत घ्यावे, आणि नदीच्या दोन्ही काठांवर एकच निर्णय मानू असे लिहून ठेवावे.

हे काम पुढच्या शाबानच्या आत व्हायला हवे. २९ च्या रात्री शहाणपण सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नाही.