पोर्टलच्या पडद्याआडचा नकार

शासनाचा कारभार ऑनलाईन झाला आणि गोरगरिबांचे हेलपाटे संपले, असे मंत्र्यांपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत सर्वजण सांगत असतात. रांगा गेल्या, दलाल गेले, चिरीमिरी बंद झाली. वर असेही सांगितले जाते की, संगणकाला जात कळत नाही. ऐकायला हे फार गोड वाटते. पण वकिलीच्या आणि चळवळीच्या कामात आमच्यासमोर जी कागदपत्रे येतात, ती वेगळीच गोष्ट सांगतात. नकार संपलेला नाही. नकार देणारा माणूस तेवढा दिसेनासा झाला आहे.

पूर्वी तहसील कचेरीतला कारकून दाखला अडवायचा. त्याच्या मनात जात होती, हे आम्हाला माहीत होते. पण त्याला तोंड होते, नाव होते, टेबल होते. कार्यकर्ते त्याला जाब विचारत, मोर्चा नेत, वरिष्ठांकडे तक्रार करत. आज त्या टेबलाच्या जागी पडदा आला आहे. पडद्यावर ‘त्रुटी’ असे दिसते, नाहीतर अर्ज ‘सेंड बॅक’ होतो. सेतू केंद्रवाला म्हणतो, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या. अर्ज कोणी नाकारला? का नाकारला? कोणाकडे दाद मागायची? कोणालाच ठाऊक नसते. कचेरीत गेले तर उत्तर मिळते, आमच्या हातात काही नाही, सिस्टीमच घेत नाही.

संगणकाला जात कळत नाही हे खरे. पण अर्जाचा नमुना माणसेच बनवतात आणि बनवताना त्यांच्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट नागरिक असतो. त्याचा मोबाईल नंबर वर्षानुवर्षे तोच असतो. शाळेचा दाखला, आधार आणि बँकेचे पासबुक यांत त्याच्या नावाचे एकच स्पेलिंग असते. घरात आजोबांचे कागद जपून ठेवलेले असतात. असा नागरिक कोणत्या वस्तीत राहतो, हे सांगायला हवे काय?

आमच्या वस्तीत रिचार्ज संपला की नंबर बंद होतो आणि आधारचा ओटीपी त्या बंद नंबरावर जातो. बापाचे नाव गुरुजींनी एक लिहिले, आधार केंद्राने दुसरे. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या पूर्वजांच्या नावे ना जमीन होती ना घर, त्यांनी तो कोठून आणायचा? ऊसतोडीला गेलेले कुटुंब दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि उन्हाळ्यात परतते. त्याच काळात मुलाच्या अर्जाची मुदत येते आणि निघून जाते. कोयत्याने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत, ते वेगळेच.

हे रडगाणे नव्हे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत ग्रामीण भारतात शंभरातील पंधरा घरांतही इंटरनेटची सोय नव्हती आणि संगणक जेमतेम चार-पाच घरांत होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ३३.३ टक्के स्त्रियांनी व ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे आढळले. त्यानंतर मोबाईल पुष्कळ पसरले. पण व्हिडिओ पाहता येणे वेगळे आणि ठराविक आकाराची पीडीएफ चढवून अर्ज भरता येणे वेगळे.

शिष्यवृत्तीचेच पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ मध्ये व्हाईसरॉयला निवेदन देऊन अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी केंद्राचा निधी मागितला. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज शिकलेली आमची पिढी याच शिष्यवृत्तीवर उभी आहे. महाराष्ट्रात २०१७-१८ पासून ती महाडीबीटी पोर्टलवर गेली आणि पहिल्याच वर्षी तांत्रिक बिघाडांमुळे विद्यार्थ्यांची दैना उडाली. पुढे केंद्राने आपला ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न खात्यात जमा करण्याची पद्धत आणली. मधल्यामध्ये पैसा गिळणाऱ्या संस्थांना त्यामुळे लगाम बसत असेल तर आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये पडून राहिला, खात्याचे आधार सीडिंग झाले नाही, तर भुर्दंड कोणाला? महाविद्यालय फी मागते, निकाल अडवते आणि पोर राहिलेल्या पैशांसाठी कामाला जाते. चूक यंत्रणेची, शिक्षा विद्यार्थ्याला!

हे बदलता येत नाही असेही नाही. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेत ई-केवायसीसाठी पती किंवा वडिलांचे आधार प्रमाणीकरण मागितले गेले. मग विधवेने, टाकून दिलेल्या बाईने, वडील वारलेल्या मुलीने काय करायचे? ओरड झाल्यावर शासनाला त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आणि मुदतवाढ द्यावी लागली. म्हणजे ‘सिस्टीम घेत नाही’ ही सबब खोटी आहे. सिस्टीम माणसाने ठरवलेली असते आणि दबाव आला की ती बदलते.

कायदाही आमच्या बाजूने आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. खटला ॲसिडहल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन यांच्या ई-केवायसीचा होता. परंतु ग्रामीण जनता, वृद्ध, आर्थिक दुर्बल आणि भाषिक अल्पसंख्य हेही या दरीमुळे बाहेर फेकले जातात, हे न्यायालयाने नोंदवले. राज्यात महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. जातीचा, उत्पन्नाचा, अधिवासाचा दाखला अशा अधिसूचित सेवा मुदतीत द्याव्याच लागतात. अर्ज नाकारायचा असेल तर कारण लेखी द्यावे लागते आणि अपील कोणाकडे करायचे तेही कळवावे लागते. तीस दिवसांत पहिले अपील, मग दुसरे आणि शेवटी लोकसेवा हक्क आयोग, अशी वाट आहे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. पडद्यावरचा ‘त्रुटी’ हा एक शब्द म्हणजे लेखी कारण नव्हे, हे आम्ही ठणकावून सांगितले पाहिजे.

म्हणून चळवळीने चार मागण्या लावून धराव्यात. प्रत्येक ऑनलाईन सेवेसाठी कचेरीत कागदी अर्ज घेण्याची सोय ठेवा. अर्ज परत करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि कारण मराठीत पडद्यावर दाखवा. पोर्टल बंद असलेले दिवस मुदतीतून वगळा. सेवा केंद्रावर दरपत्रक लावा आणि जादा पैसे घेणाऱ्याचा परवाना रद्द करा.

पण नुसत्या मागणीने भागणार नाही. गावोगावी आमची बुद्धविहारे आहेत. तेथे रविवारच्या वंदनेनंतर दोन तास शिकलेल्या मुलामुलींनी अर्ज भरून द्यावेत, अर्ज क्रमांक वहीत नोंदवावेत, मुदत संपली की अपील लिहून द्यावे. वकील बांधवांनी ही अपिले विनामूल्य लढवावीत. शिष्यवृत्तीसारख्या ज्या सेवा त्या अधिनियमात बसत नसतील, तेथे माहितीचा अधिकार आणि गरज पडल्यास उच्च न्यायालय आहेच.

एकेकट्या विद्यार्थ्याचा सेंड बॅक झालेला अर्ज ही त्याची वैयक्तिक अडचण म्हणून सोडून दिली जाते. विहारातल्या वहीत असे दोनशे अर्ज नोंदले गेले की तो समाजाचा प्रश्न होतो आणि त्याचे उत्तर कोणा यंत्राला नव्हे, तर समाजकल्याण खात्याच्या अधिकाऱ्याला द्यावे लागते. बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क पासवर्डअभावी बुडू द्यायचा नसेल, तर ही वही येत्या रविवारीच उघडली पाहिजे. जयभीम!