ज्याचा प्रस्ताव, त्याचीच मंजुरी

दिवाळीच्या सुट्टीत राणीसावरगावला गेलो होतो. गट-गणांच्या आरक्षणाची सोडत १३ ऑक्टोबरलाच निघाली होती, त्यामुळे हॉटेलात एकच विषय: गट कोणाला सुटला आणि तिकीट कोणाला मिळणार. चहा घेताना मी सहज विचारलं, "साडेतीन वर्षं जिल्हा परिषदेत एकही सदस्य नाही. एवढे दिवस पैसा कुठे लावायचा हे ठरवलं कोणी?" शेजारचे चाचा हसले. म्हणाले, "बेटा, तू पुण्यात कंप्युटरवर बसतोस. तूच बघून सांग."

मी बघितलं. ग्रामपंचायतीचं बरंच काही सापडतं. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आराखडे आहेत, खर्चाच्या नोंदी आहेत. पण नोंदीत 'किती' असतं, 'का' नसतं. हाच रस्ता का, ती गळकी वर्गखोली का नाही, हे कुठल्याच तक्त्यात सापडत नाही. ते सभागृहात विचारावं लागतं, आणि सभागृह तेव्हा रिकामं होतं.

परभणी जिल्हा परिषदेत ५४ सदस्य २०१७ साली निवडून आले. त्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढे ओबीसी आरक्षणाचा खटला, गटांच्या संख्येतले बदल, तारखांवर तारखा. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला चार महिन्यांत निवडणुका उरका म्हणून सांगितलं, सप्टेंबरमध्ये ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून दिली. दर पाच वर्षांनी, मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी असं संविधानाचं कलम २४३-ई सांगतं. तरी एवढा काळ गेला.

या काळात मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक. म्हणजे प्रशासनाचा प्रस्ताव ज्यांच्या सहीने पुढे जायचा, त्यांच्याच सहीने तो मंजूर व्हायचा. मार्चचं अंदाजपत्रकही तसंच. आमच्या कंपनीत नव्या पोरालाही स्वतः लिहिलेला कोड स्वतः मंजूर करता येत नाही, दुसऱ्या कोणी तरी तो वाचावाच लागतो. तो पोरगा अप्रामाणिक आहे असं कोणी म्हणत नाही. आपली चूक आपल्याला दिसत नाही, एवढंच.

पैशाचंही नुकसान झालं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ८० टक्के आपल्या राज्यात ग्रामपंचायतींना जायचे, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला प्रत्येकी १०. लोकांनी निवडलेलं सभागृह नसेल तर हा निधी नाही, अशी केंद्राची अट होती. त्यामुळे वरच्या दोन्ही पायऱ्यांचा वाटा अडकला. आयोगाची मुदत मार्च २०२६ पर्यंतच होती.

कर्मचाऱ्यांचा प्रश्न जास्त गुंतलेला आहे. भरती मुंबईत ठरते हे मान्य. २०१९ च्या मार्चमध्ये राज्यभरातल्या जिल्हा परिषदांच्या साडेतेरा हजार जागांची जाहिरात आली, पोरांनी फी भरली, आणि पुढे ती भरतीच रद्द झाली. तेव्हा सदस्य खुर्चीवर होते. २०२३ ला १९,४६० जागांची जाहिरात आली, फी हजार रुपये, मागासवर्गीयांना नऊशे. तेव्हा प्रशासक होते. पण आलेला माणूस कुठे बसवायचा, कोणाला प्रतिनियुक्तीवर शहरात न्यायचं, कोणतं उपकेंद्र रिकामं ठेवायचं, हे जिल्ह्यातच ठरतं. गेल्या वर्षी अम्मीची शुगर तपासायला एका सरकारी आरोग्य केंद्रात गेलो. तपासणारा माणूस कागदावर तिथलाच, काम मात्र दुसरीकडे. डॉक्टर भले होते. म्हणाले, "वर कळवलंय." वर म्हणजे कुठे, हे त्यांनाही सांगता येईना. अब्बांच्या वेळी असं झालं की चार जण सदस्याच्या दारात जायचे. तो काम करायचाच असं नाही, पण तीन महिन्यांतून एकदा तरी सर्वसाधारण सभा घ्यावीच लागायची, आणि तिथे तो ओरडायचा. पेपरात चार ओळी यायच्या.

उर्दू शाळांचं दुखणं तर जुनंच. आरक्षित जागांना उर्दू माध्यमाचे उमेदवार मिळत नाहीत, जागा रिकामी राहते, आणि पट घसरला की पदच जातं. हे नियमातलं कोडं आहे, ते जिल्ह्यात सुटणार नाही. पण इथून कोणी ठरावच पाठवला नाही तर मुंबईला कळणार कसं?

हॉटेलात एकाने मला तोडलं. "सदस्य काय साधू होते का? सेसच्या कामांवरून भांडायचे, बाईच्या जागी नवरा बसायचा. प्रशासक बरा, कमिशन तरी वाचतं." पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत, मीही पाहिल्या आहेत. तिसरी खरी असेलही. पण वाचलं की नाही हे विचारायचं कोणाला? भांडणाऱ्या सदस्यांमुळे निदान आकडे तरी बाहेर यायचे.

आपल्या लोकांचंही मला कळत नाही. विधानसभेच्या मतांवर रात्र-रात्र चर्चा करतो. शाळा, अंगणवाडी, दवाखाना ज्या इमारतीतून चालतो, तिचा पत्ता मात्र कोणाला विचारावासा वाटत नाही. मीसुद्धा यंदाच पहिल्यांदा विचारला.

चाचांना अजून उत्तर दिलेलं नाही. माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय: मार्च २०२२ पासून राणीसावरगाव गटात जिल्हा परिषदेने केलेल्या कामांची यादी, आणि आरोग्य व शिक्षण विभागात मंजूर पदं किती, भरलेली किती, प्रतिनियुक्तीवर बाहेर किती. उत्तराला कायद्याने तीस दिवस असतात. अजून बारा बाकी आहेत.